लेस्वोसवर एक सेमिस्टर: किती बेटं बघायची आणि अभ्यास कसा सांभाळायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात भूगोलात एम.एस्सी. करणारी एक विद्यार्थिनी फेब्रुवारी ते जून या सेमिस्टरसाठी एजियन विद्यापीठात, म्हणजे ग्रीसच्या लेस्वोस बेटावर मितिलीनीला, एक्स्चेंजवर येते आहे. तिने सान्तोरिनी, मिकोनोस, नाक्सोस, क्रीट, ऱ्होड्स अशी लांबलचक यादी केली आहे आणि दर शनिवार-रविवारी एक बेट उरकायचा बेत आहे. बेटावर फिरायला स्कूटर भाड्याने घ्यायची आहे. आईबाबांना एकटीच्या भटकंतीची धास्ती वाटते आणि तिला स्वतःला अभ्यास बुडायची. हे सगळं कसं जमवायचं, असं तिने विचारलं आहे.

मी मितिलीनीत संशोधन केलं, पुढे इथेच राहिले आणि आता दर वसंतात बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना बेटाच्या पश्चिम भागात फील्डवर्कला नेते. माझे बहुतेक विद्यार्थी तुझ्याच वयाचे असतात, म्हणून एकेरीतच लिहिते.

तुला हा प्रश्न वेळापत्रकाचा वाटतो आहे. मला यात आधी नकाशाची अडचण दिसते. नकाशावर ही बेटं एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे दर आठवड्याला एक असा हिशेब सहज मांडला जातो. बोटी मात्र तशा जात नाहीत. ग्रीसमधले बरेचसे बोटींचे मार्ग अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघतात आणि तिथेच परततात. मितिलीनीची मोठी बोट खिओसमार्गे पिरेअसला जाते, त्यात एक अख्खी रात्र जाते. सान्तोरिनीला जायचं तर पिरेअसला उतरून दुसरी बोट पकडायची आणि आणखी अर्धा दिवस घालवायचा. म्हणजे शुक्रवारी रात्री निघालीस तर शनिवारी दुपारी पोचणार आणि रविवारी सकाळी परत फिरणार. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये सान्तोरिनी आणि मिकोनोसवरची बरीच हॉटेलं, खानावळी बंद असतात आणि बोटीही कमी असतात. एवढा प्रवास करून बंद दारांच्या गल्ल्या बघायला मिळतील.

आता काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुझ्या विषयांना प्रयोगशाळा किंवा सक्तीचं फील्डवर्क आहे का? व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आहे की अनेकदा? दुचाकीचं लायसन्स आहे का? नीट पोहता येतं का? आणि पैशाची ओढाताण कितपत आहे? यांची उत्तरं वेगळी असतील तर खालच्या काही सल्ल्यांत फरक पडेल. वाऱ्याबद्दल जे सांगते आहे ते मात्र सगळ्यांना सारखंच लागू आहे.

हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला एजियन समुद्रावर जोराचे वारे सुटतात. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापनावर वारा ८ किंवा त्यापुढे गेला की बंदराचे अधिकारी साधारणपणे बोटी सोडायला मनाई करतात. वेगवान छोट्या बोटी त्याच्याही आधी थांबतात. या मनाईला इथे ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात आणि हा शब्द तुझ्या कानावर पहिल्याच महिन्यात पडेल. नव्या मुलांची फसगत होते ती अशी: बंदरात ऊन पडलेलं असतं, पाणी शांत असतं, आणि तरीही बोट का सुटत नाही हे कळत नाही. बंदर आडोशाला असतं. जोर असतो तो मध्ये, खुल्या समुद्रात, आणि बोटीला जायचं असतं तिथूनच. मागे माझ्या एका विद्यार्थिनीने मार्चमध्ये अथेन्सची सहल काढली. रविवारी संध्याकाळी पिरेअसला पोचली तर मनाई लागलेली. बोट सुटली मंगळवारी. सोमवारी तिच्या गटाचं सादरीकरण होतं, ते बाकीच्या दोघांनी तिच्याविना केलं. तिची चूक कुणी काढली नाही, कारण बेटावर हे कुणाच्याही बाबतीत घडतं. पण तिचा भाग तिच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता आणि गटाचे गुण गेले.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: सोमवारी महत्त्वाचं काही असेल तर शनिवारी रात्रीपर्यंत बेटावर परत ये. मधला एक दिवस वाऱ्यासाठी मोकळा ठेवायचा. तिकीट काढताना कंपनीला चालू मोबाइल नंबर दे, बदल झाला तर संदेश येतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज बघताना पाऊस पडणार का याच्याआधी वारा किती आणि कुठल्या दिशेचा हे बघ. विमानाने अथेन्सला तासाभरात जाता येतं, पण वारा फार असेल तर विमानंही रखडतात. बोटींवरचे संप हाही इथल्या आयुष्याचा भाग आहे. १ मेला प्रवास शक्यतो ठेवूच नकोस.

म्हणजे यादीचं काय? सेमिस्टर चालू असताना जवळची दोनच ठिकाणं धर: खिओस, कारण ते वाटेवरच आहे, आणि लिम्नोस. बाकीची बेटं जूनच्या परीक्षांनंतर सलग कर. तेव्हा बोटी भरपूर असतात, समुद्र पोहण्याजोगा झालेला असतो आणि तुझ्या मागे सादरीकरणाचा ससेमिरा नसतो. विद्यापीठाचं विद्यार्थी-ओळखपत्र हातात आलेलं असेल तर बोटीच्या तिकिटातही सवलत मिळते.

आता लेस्वोसबद्दल. तुझ्या यादीत हे बेट नावालाही नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच्याबद्दल. ग्रीसमधलं हे तिसरं मोठं बेट, साधारण १,६३० चौरस किलोमीटरचं. पूर्वेला ऑलिव्हच्या बागा आणि पाइनची जंगलं, पश्चिमेला उघडेबोडके ज्वालामुखीचे डोंगर. भूगोलाच्या विद्यार्थिनीला पाच महिने पुरणार नाहीत इतकं इथे आहे.

तू सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांवर वाढलेली आहेस. दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहत येऊन थरावर थर साचला, हे तुला पाठ असेल. लेस्वोसच्या पश्चिमेला सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी झालेले उद्रेक वेगळ्या जातीचे होते. ते स्फोटक होते. राख आणि तप्त गाळाने अख्खं जंगल उभ्या उभ्या गाडलं आणि सिलिकाने भरलेल्या गरम पाण्याने लाकडाची जागा पेशीपेशीने घेतली. सिग्री आणि अँटिसाच्या परिसरात ती झाडं आजही मुळांवर उभी आहेत. एखाद्या बुंध्याशी गुडघे टेकून बस. सालीच्या खाचा, वार्षिक वलयं, लोहामुळे आलेले तांबडे-पिवळे पट्टे सगळं दिसतं आणि बोट लावलं की गारगोटी लागते. उभ्या बुंध्यांतला सर्वात उंच सात मीटरच्या आसपास आहे. २०२१ मध्ये सिग्रीच्या रस्त्याचं काम चालू असताना फांद्या आणि मुळांसकट साडेएकोणीस मीटर लांबीचं झाड निघालं. १९८५ पासून हे जंगल संरक्षित नैसर्गिक स्मारक आहे, सिग्रीला १९९४ मध्ये स्थापन झालेलं संग्रहालय आहे आणि बेट युनेस्कोच्या जागतिक जिओपार्कांपैकी, म्हणजे भूशास्त्रीय वारसा जपणाऱ्या प्रदेशांपैकी, एक आहे. रस्त्याच्या कडेलाही तुला तुकडे पडलेले दिसतील. एकही उचलू नकोस. तो कायद्याने गुन्हा आहे आणि पुढच्या विद्यार्थ्यांसाठी तो तुकडा तिथेच असायला हवा.

दुसरी जागा कालोनीचं आखात. तिथल्या मिठागरांत फ्लेमिंगो असतात. भिगवणला पहाटे जाऊन फ्लेमिंगो बघणाऱ्या पुणेकर मुलीला हे नवं वाटणार नाही. पण एप्रिलच्या शेवटी स्थलांतर भरात आलं की युरोपभरचे पक्षिनिरीक्षक इथे उतरतात, आणि दुर्बीण घेऊन त्यांच्याशेजारी नुसती उभी राहिलीस तरी फुकट शिकवणी मिळते. याच आखाताच्या काठी ख्रिस्तपूर्व ३४५ च्या सुमारास अ‍ॅरिस्टॉटल येऊन राहिला होता. तोही इथला नव्हता. त्याचा सहकारी थिओफ्रास्टस याच बेटावरच्या एरेसोसचा. अ‍ॅरिस्टॉटलने इथल्या उथळ पाण्यातले कटलफिश, शिंपले, सी-अर्चिन (काटेरी, गोल समुद्री जीव) उघडून बघितले. सी-अर्चिनच्या तोंडातल्या पाच दातांच्या रचनेला प्राणिशास्त्रात आजही ‘अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. किनाऱ्यावर वाळलेलं कवच सापडलं तर उलटं करून बघ. आत तो कंदील कधीकधी शाबूत असतो, पाच बाजूंनी पाच पांढरी टोकं मधोमध टेकलेली. मी मुलांना तिथे नेते तेव्हा अर्धा तास कुणी जागचं हलत नाही.

महिन्यांचा अंदाज असा. फेब्रुवारी-मार्च थंड, ओला. घरं दमट असतात आणि गरम ठेवायचा खर्च अंगावर येतो, तेव्हा भाडं ठरवताना हीटिंग त्यात धरलं आहे का ते आधी विचार. याच दिवसांत ऑलिव्हच्या बागांतून बायका सुरी आणि पिशवी घेऊन ‘होर्ता’ खुडताना दिसतात. आपल्याकडे पावसाळ्यात रानभाज्या निघतात तसंच ते. उकडून वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू, बस. ओळख झाली तर त्या तुला सोबत नेतील. गेलीस तर कुठली खुडायची आणि कुठली सोडायची हे त्यांच्याकडूनच शीक, अंदाजाने काही तोंडात घालू नकोस. पुढे ‘स्वच्छ सोमवार’ येतो. त्या दिवशी सगळं गाव टेकडीवर पतंग उडवतं, लागाना नावाचा तीळ लावलेला चपटा पाव खातं, आणि ईस्टरपूर्वीचे उपासाचे आठवडे सुरू होतात. तू शाकाहारी असशील तर हा काळ तुझ्या सोयीचा. खानावळीत ‘नीस्तीसिमो’ काय आहे विचारलंस की मांस, अंडी, दूध नसलेले पदार्थ सांगतात: पांढऱ्या घेवड्याचं सूप, टोमॅटोत शिजवलेला मोठा घेवडा, तेलातल्या भाज्या. मात्र त्यात कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात, तेवढं वेगळं विचारून घे.

ऑर्थोडॉक्स ईस्टरला विद्यापीठ दोन आठवडे बंद असतं. बहुतेक परदेशी मुलं पहिल्याच दिवशी बेट सोडतात. माझं मत उलट आहे. गुड फ्रायडेची रात्र आणि शनिवारची मध्यरात्र बेटावरच्या एखाद्या गावात काढ. फुलांनी सजवलेला एपिताफिओस, म्हणजे ख्रिस्ताच्या शवपेटीचं प्रतीक, मेणबत्त्यांच्या उजेडात गल्ल्यांतून फिरतो, आणि शनिवारी बाराला चर्चबाहेर एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची पेटत जाते. प्रवासासाठी त्यानंतरचा आठवडा मोकळा असतोच. तुला कुणी घरी जेवायला बोलावलं तर संकोच करू नकोस. पैसे द्यायचा प्रयत्नही नको, मिठाईचा डबा ने.

पाण्यात उतरायची घाई मात्र नको. मार्च-एप्रिलमध्ये समुद्राचं पाणी १५ अंशांच्या आसपास असतं. बाहेर ऊन बघून मुलं उडी मारतात आणि श्वास अडकतो. मे अखेरीपर्यंत थांब, आणि एकटीने खुल्या समुद्रात कधीच नको.

स्कूटरबद्दल माझं उत्तर ठामपणे ‘नाही’ असंच आहे, आणि का ते सांगते. इथे वाहन उजव्या बाजूने चालवायचं असतं. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो पुण्याच्या आरटीओतून निघण्यापूर्वीच काढावा लागतो आणि त्यावर दुचाकीचा वर्ग असावा लागतो. फक्त चारचाकीचं लायसन्स असून कुणी दुचाकी दिली, तरी अपघात झाल्यावर इन्शुरन्स कंपनी हात वर करते. पश्चिमेच्या घाटांत वारा बाजूने असा आदळतो की हलकी गाडी रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाते. वळणांवर बारीक खडी असते, आणि मेंढ्या कुठूनही येतात. मितिलीनीहून सिग्री ९० किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटेत अपघात झाला तर हॉस्पिटल परत मितिलीनीतच. चौघींनी मिळून एक छोटी कार घ्या, जिला उजव्या बाजूने चालवायची सवय आहे तिने चालवावी. एरवी केटेल या इथल्या बससेवेच्या बस आहेत. त्या कमी आहेत, शनिवार-रविवारी आणखी कमी. परतीची बस कधी आहे हे उतरतानाच चालकाला विचारून घे, भिंतीवरचं वेळापत्रक मागच्या मोसमाचंही असू शकतं.

चालायला हे बेट फार सुंदर आहे. प्लोमारीच्या वरच्या ऑलिव्हच्या पायवाटा, मोलिवोसचा किल्ला, पेत्राच्या खडकावरचं ११४ पायऱ्यांचं चर्च. कुरणांची फाटकं बहुधा तारेने बांधलेली असतात. उघडलंस तर तशीच बांधून पुढे जा, नाहीतर धनगराचा दिवस मेंढ्या गोळा करण्यात जातो. राखणीचे कुत्रे अंगावर आले तर पळू नकोस. थांब, कळपापासून लांबचा वळसा घे आणि मोठ्याने धनगराला हाक मार. एकटी निघताना कुठे चाललीस आणि कधी परतणार हे घरमालकिणीला सांगून जा. मेपासून पश्चिमेला सावली नसते, पाणी जास्तीचं ने.

सीमेबद्दल दोन गोष्टी. मितिलीनीसमोर तुर्कस्तान दिसतं आणि आयवालिकला बोट दीड तासात पोचते, त्यामुळे सगळे वर्गमित्र एक दिवस जाऊन येतात. तू शेंगेनमधून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडणार आहेस हे विसरू नकोस. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल आणि निवासपरवाना हातात नसेल तर परत येता येणार नाही. तुर्कस्तानचा व्हिसाही वेगळा लागतो. आणि सीमेवरचं बेट असल्याने लष्करी ठाण्यांचे, बंदरातल्या तटरक्षक बोटींचे फोटो काढू नकोस. २०१५ मध्ये सुमारे पाच लाख निर्वासित याच अरुंद पट्ट्यातून रबरी होड्यांनी लेस्वोसला उतरले. आजही लोक येतात. त्यांचे फोटो काढू नकोस, मदत करायची असेल तर विद्यापीठातल्या मंडळींना विचारून नोंदणीकृत संस्थेतूनच कर. इथल्या कित्येक कुटुंबांचे आजी-आजोबा १९२२ मध्ये समोरच्या किनाऱ्यावरून असेच निर्वासित होऊन आले होते. त्या कुटुंबांकडून ते ऐक.

अभ्यास बुडतो तो सहलींमुळे फारसा नाही. इथल्या अनेक विषयांत तासांना हजेरी सक्तीची नसते आणि गुण शेवटच्या परीक्षेवर किंवा एका मोठ्या लेखी कामावर ठरतात. एक्स्चेंजच्या मुलांना बऱ्याचदा इंग्रजीत प्रकल्प दिला जातो. पुण्यात दर पंधरवड्याला काहीतरी जमा करायची सवय असते. इथे एप्रिलपर्यंत कुणी काही मागत नाही, आणि मेमध्ये सगळं एकदम अंगावर येतं. उपाय पहिल्या आठवड्यातला आहे. प्रत्येक प्राध्यापकांना भेट, मूल्यमापन कसं होणार ते स्पष्ट विचार, आणि प्रकल्पाचा विषय बेटावरचाच माग: कालोनीच्या मिठागरांची किनाररेषा, ऑलिव्हच्या बागांच्या दगडी बांधांची पडझड, पोलिख्नितोसचे गरम झरे, २०१७ च्या भूकंपानंतरचं व्रिसा गाव. मग तुझी शनिवारची भटकंती हाच तुझा डेटा होतो. पाठीवरच्या पिशवीत नोंदवही असली की गावातले लोकही वेगळ्या आपुलकीने बोलतात. ग्रीक अक्षरं पुण्यातून निघण्यापूर्वीच शिक, बसच्या पाट्या तरी वाचता येतील.

आईबाबांना खरं तेच सांग. बेट लहान गावांचं आहे, रात्री चालत घरी जाता येतं, परदेशी मुलीकडे शेजारी लक्ष ठेवतात. धोके आहेत ते रस्ता, समुद्र आणि भूकंप यांचे. १२ जून २०१७ ला लेस्वोसच्या दक्षिणेला ६.३ तीव्रतेचा धक्का बसला आणि व्रिसा उद्ध्वस्त झालं. २०२५ च्या सुरुवातीला सान्तोरिनीला सतत हादरे बसू लागले तेव्हा हजारो लोकांनी बेट सोडलं. आपत्तीत ११२ वरून फोनवर मोठ्या आवाजात सूचना येते, ती बंद करून ठेवू नकोस. मदतीसाठीही हाच नंबर. आरोग्य विमा घेताना डोंगरातून किंवा बेटावरून अथेन्सला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते वाचून घे. आणि बोट रखडली तर एखादा दिवस उशिरा फोन येईल हे त्यांना आत्ताच सांगून ठेव.

तू कोणते विषय घेतले आहेस ते कळव. प्रकल्पासाठी बेटाच्या कुठल्या भागापासून सुरुवात करावी हे त्यावरून सांगेन.